डावा कोपरा

सोळाव्या वर्षी मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आपण आईसारखं व्हायचं नाही. पुढे काय व्हायचं ते काहीच ठरलं नव्हतं, पण हे ठरलं होतं.

आई परळच्या एका हॉस्पिटलात चादरी-गाऊनच्या खात्यात कामाला होती. दिवसभर तिथे घड्या घालायची आणि घरी आल्यावर आमच्या कपड्यांच्या घालायची. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत पाण्यावरून भांडण लागलं की ती आपली बादली उचलून मागे सरकायची. कुणी काही लागट बोललं तर ऐकून घ्यायची. मला त्याची लाज वाटायची. बाबा बसवर कंडक्टर होते, मूळचे मालवणकडचे, दिवसभर बोलून घसा बसला तरी घरी येऊन पुन्हा बोलणारे. मी त्यांच्यावर गेलेय, असं मी सगळ्यांना सांगत असे.

दर गुरुवारी संध्याकाळी चिंचपोकळीहून मावशी यायची. ती सख्खी मावशी नव्हती, आईची लहानपणापासूनची मैत्रीण, एवढंच मला माहीत होतं. तिचा उजवा गुडघा वाकत नसे. पाय काठीसारखा सरळ ठेवून, कठड्याला धरून ती आमचे दोन जिने चढायची. घरी ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि गुरुवारी येऊन मला गणित आणि इंग्रजी शिकवायची. जीभ तिखट. गणित चुकलं की म्हणायची, "डोकं घरी ठेवून आलीस का? अगं, हेच तर घर आहे तुझं!" मला खोटं बोलता येत नाही, मोठ्यांना उलटून प्रश्न विचारता येतात, वर्गात हात वर करता येतो, हे सगळं तिच्याकडून आलंय. पायाचं विचारलं तर आई म्हणायची, "लहान असताना पडली होती." मी पुन्हा कधी विचारलं नाही.

अकरावीला दादरच्या कॉलेजात गेले आणि एक मैत्रीण मला भोईवाड्याजवळच्या एका मंडळाच्या मैदानावर घेऊन गेली. तिथे मुली कबड्डी खेळत होत्या. मी अर्धा तास उभी राहून पाहिलं आणि चपला काढून आत गेले. आमचे सर कुर्ल्याहून यायचे. पंधरा दिवसांत त्यांनी मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं. चढाई करणारी मुलगी आत आली की कोपऱ्यातल्या खेळाडूने वाट पाहायची आणि तिचा पाय आवाक्यात आला की झेपावून घोटा धरायचा. सर म्हणाले, "तुला हे कुणी शिकवलं?" कुणी शिकवलं नव्हतं. मला ते आपोआप येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी आपोआप येत होतं.

घरी सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले.

"दुसरं काहीही खेळ," ती म्हणाली. "खो-खो खेळ. धाव. पोहायला जा. कबड्डी नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

कारण सांगत नाही म्हटल्यावर मी पेटले. महिनाभर घरात हेच चाललं. शेवटी बाबांनी फॉर्मवर सही केली. "खेळ गो तू. आवशीक मी बघतंय," ते म्हणाले. आई तिथेच उभी होती. मी तिच्याकडे वळून म्हणाले, "तुला काय कळतं गं खेळातलं? तू कधी मैदानात पाय तरी ठेवलायस?"

ती दोरीवरचा टॉवेल काढून त्याची घडी घालू लागली. मला वाटलं, जिंकले.

मावशीलाही मी त्याच गुरुवारी सांगितलं. तिने वहीतून मान वर केली.

"कुठे खेळतेस?"

"डाव्या कोपऱ्यात."

"घोटा धरतेस?"

"हो. तेच तर माझं चांगलं आहे."

तिने स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाहिलं. आई पाठमोरी होती. मग मावशी म्हणाली, "पुढचं उदाहरण सोडव," आणि त्या दिवशी ती पुढे एकदाही ओरडली नाही.

त्याच वर्षी थंडीत प्रभादेवीला एक स्पर्धा होती. रविवारी सकाळी आमचा उपांत्यपूर्व सामना झाला. मी त्या दिवशी चार पकडी केल्या, चारही घोट्याच्या. आम्ही सहज जिंकलो. मी बाकावर बसून पाणी पीत होते, तेव्हा गुणलेखकांच्या टेबलापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला हाताने खूण करून बोलावलं. केस पांढरेशुभ्र, गळ्यात शिट्टी. त्या जुन्या पंच होत्या, त्यांना सगळे मान देत हे मी सकाळपासून पाहत होते.

"कोणाची गं तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते नको होतं त्यांना.

"आईचं माहेर कुठलं?"

"इथलंच. भोईवाडा."

त्या हसल्या. "तरीच! पहिली पकड केलीस ना, तेव्हाच मी शेजारच्याला म्हटलं. डावा गुडघा आधी जमिनीला आणि मग उजवा हात आतून. असं कुणी शिकवत नाही. असं करणारी एकच मुलगी मी पाहिली होती. कशी आहे आई? कुठे शिकवते का आता मुलींना?"

"तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलताय," मी म्हणाले. "माझी आई कधीच खेळलेली नाही."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग आईचं माहेरचं नाव उच्चारलं. पहिलं नाव आणि आडनाव, दोन्ही. बरोबर.

"घरी बोलली नाही होय?" त्यांचा आवाज खाली आला. "बरोबर आहे. एवढं झाल्यावर कोण बोलेल. राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती तिची. आणि त्या दुसऱ्या पोरीचीही झाली होती. चिंचपोकळीची. काय चढाई करायची पोरगी! तिचा गुडघा पुढे बरा झाला का गं कधी? काही कळलंच नाही मला."

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती तिरपी झाली होती आणि पाणी माझ्या बुटांवर पडत होतं. हे मला दिसत होतं, पण बाटली सरळ करणं सुचत नव्हतं. चिंचपोकळी. गुडघा. मी "नाही" म्हणाले की "माहीत नाही" म्हणाले, आठवत नाही. मैत्रिणी हाका मारत होत्या. मी बॅग घेतली आणि चालत सुटले. घराकडे वळायचं सोडून सरळ निघाले होते. दादरच्या फुलबाजारात शिरले तेव्हा लक्षात आलं की आपण भलतीकडे आलोय. गजऱ्यांच्या टोपल्यांमध्ये मी जर्सी घालून उभी होते आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. आतून जाणारा हात. तो माझा नव्हताच.

घरी पोचले तेव्हा बाबा ड्यूटीवर होते. आई वाटण वाटून कालवण फोडणीला टाकत होती. खोलीभर नारळाचा आणि लसणीचा वास होता. वाटेत मी खूप वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"आई, मावशीचा पाय कसा मोडला?"

तिने गॅस बंद केला. हात पदराला पुसले. माझ्याकडे वळली.

"मी मोडला," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती टाळेल, रडेल, 'कोणी सांगितलं' म्हणेल. तिने तसं काहीच केलं नाही. जणू कित्येक वर्षं हा प्रश्न कधी येतो याची ती वाट पाहत होती आणि उत्तर तोंडातच धरून बसली होती. मी खाली बसले. तीही समोर बसली.

ती एकोणीस वर्षांची होती. मावशीही. दोघी वेगवेगळ्या मंडळांच्या, मैत्री वगैरे नव्हती, नुसती नावं माहीत होती. तेव्हा मॅट नव्हती, मातीवर खेळायचे. अंतिम सामना होता. शेवटची मिनिटं, दोन गुणांचा फरक. मावशी चढाईला आली.

"तिचा पाय माझ्या हातात आला," आई सांगत होती. "ती परत जायला वळली. मी खेचलं. मागून दोघींनी तिला कमरेला धरलं. ती कबड्डी, कबड्डी म्हणत होती. मग ते थांबलं. तिच्या तोंडून 'आई गं' आलं. दम गेला म्हणून पंचांनी शिट्टी मारली. तिला बाद दिलं. गुण आम्हाला मिळाला. माझ्या संघातल्या पोरी नाचायला लागल्या. त्यांना कळलंच नाही काय झालंय ते."

"पण ती पकड चुकीची होती का?"

"नाही. पकड बरोबर होती. कुणीच मला काही बोललं नाही."

"मग तुझी काय चूक?"

आईने आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "पाय वळलेला हातात कळतो. चुकीचा वळला की लगेच कळतो. मला कळलं होतं. सोडायला वेळ होता. एवढासाच होता, पण होता. मी सोडला नाही. मला तो गुण हवा होता."

हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. भीती वाटली, हे नक्की. समोर बसलेली ही बाई कोण, असं वाटलं. पाण्याच्या भांडणात मागे सरकणारी माझी आई, तिला कधीकाळी काहीतरी एवढं हवं होतं की तिने एका मुलीचा पाय धरून ठेवला. आणि मी तिला विचारलं होतं, तू मैदानात पाय तरी ठेवलायस का.

मावशीच्या गुडघ्यावर दोन ऑपरेशनं झाली होती. आत पू झाला. शेवटी डॉक्टरांनी गुडघा तसाच सरळ जखडून टाकला. शिबिराला दोघीही गेल्या नाहीत.

पुढच्या रविवारी आमचा उपांत्य सामना होता. मी कुणाला काही न सांगता गेले. नेहमीसारखी कोपऱ्यात उभी राहिले. समोरच्या संघातली एक उंच मुलगी आत आली, बोनसचा गुण घेण्यासाठी तिने मागच्या रेषेपलीकडे पाय टाकला आणि मी झेपावले. घोटा बरोबर हातात आला. ती वळली. आणि माझ्या हाताला तिचा घोटा जाणवला, गरम, घामाने ओला, आतलं हाड फिरताना. माझी बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली. ती मुलगी पळून गेली. पुढच्या दोन पकडींनाही तेच झालं. सरांनी मला बाहेर बसवलं. आम्ही हरलो. सर म्हणाले, "झालंय काय तुला?" मी सरावाला जाणं बंद केलं.

दोन-तीन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर मी चिंचपोकळीला मावशीकडे गेले. तिची शिकवणी नुकतीच संपली होती, फळ्यावर अपूर्णांक तसेच होते. मी दारातूनच म्हणाले, "मला सगळं कळलंय."

"कोणी सांगितलं? तिने?"

"हो. मी कबड्डी सोडलीय."

मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. ती खवळली.

"माझ्या गुडघ्याच्या नावाने सोडलीस? मला विचारलंस? एका पायात दोघींचा खेळ गेला, तेवढं पुरे नाही झालं? आता तिसरी तूही त्यातच?"

मग ती जरा शांत झाली आणि स्वतःहून सांगू लागली. ती हॉस्पिटलात होती तेव्हा आई रोज यायची. मावशीच्या आईने तिला हाकलून दिलं तर जिन्यात बसून राहायची. मावशीला घरी सोडल्यावर इथे या चाळीच्या जिन्यात बसायची. मावशी वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मग एका दुपारी घरात कुणी नव्हतं, मावशीला तहान लागली होती आणि माठापर्यंत जाववत नव्हतं. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "ए, पाणी दे."

"तिथून सुरू झालं," मावशी म्हणाली. "तुझी आई नसती तर मी बी.ए. झाले नसते. पुस्तकं आणून द्यायची, परीक्षेला हाताला धरून न्यायची. आणि खरं सांगू? तिचा काही दोष नव्हता. खेळात होतं. तिलाही काही कळायच्या आत झालं ते. मी हे तिला हजारदा सांगितलं. तिच्या डोक्यात शिरत नाही."

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मी सोळा वर्षांची होते.

"तिला कळलं होतं," मी म्हणाले. "आईच म्हणाली. पाय वळल्याचं हातात कळलं होतं आणि सोडायला वेळ होता."

मावशीच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं. ती रागावली नाही, रडली नाही. टेबलावरचं डस्टर उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की हे तिला माहीत नव्हतं. सामन्याला बावीस वर्षं होऊन गेली होती, एवढी ऊठबस, एकमेकींच्या ताटातलं खाणं, आणि ही एक गोष्ट आईने तिला कधी सांगितली नव्हती.

"घरी जा तू," मावशी म्हणाली.

त्या गुरुवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी आईने दोन कपांचा चहा ठेवला आणि तो निवून गेला तेव्हा माझ्याकडे न बघता विचारलं, "तू सांगितलंस का तिला?"

"हो." मी नाक ओढलं. "मला वाटलं तिला माहीत असेल."

ती ओरडेल म्हणून मी अंग चोरून उभी होते. तिने पदराने माझं नाक पुसलं, मी लहान असल्यासारखं.

"बरं झालं. माझ्याने कधी झालं नसतं," ती म्हणाली. "चल."

आम्ही दोघी चालत चिंचपोकळीला गेलो. मावशीचं दार उघडंच होतं. आई उंबऱ्याशी उभी राहिली.

"हातात कळलं होतं तुला?" मावशीने खुर्चीतूनच विचारलं.

"हो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू बोलणं टाकलं असतंस."

"ते आता टाकलंच आहे."

"हो," आई म्हणाली. "पण आता तुला खरं माहीत आहे."

खालून लोखंडाच्या कारखान्यातला ठोकण्याचा आवाज येत होता. मग मावशीने आईकडे न बघता मला विचारलं, "खेळायला जातेस का परत?"

"भीती वाटते मला."

"वाटू दे. जा. आणि हातात कळलं की सोडायचं. गुण गेला तर गेला." आईला तिने आत ये म्हटलं नाही. आम्ही परत आलो.

मी पुढच्या सोमवारी मैदानावर गेले. बोटं मिटायला महिना लागला. नंतर मी सात वर्षं खेळले. राज्यापर्यंत पोचले नाही, पण माझ्या हातून एकाही मुलीला मैदानाबाहेर उचलून न्यावं लागलं नाही. काही पाय मी सोडले. सर वैतागायचे. आता मी एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि मुलींना पकड शिकवण्याआधी सोडणं शिकवते.

मावशी आमच्याकडे पुन्हा यायला पाच महिने लागले. कशी आली, काय ठरवून आली, मला माहीत नाही. एका गुरुवारी कॉलेजातून आले तर ती बसलेली होती. आई समोर होती. दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दोघी मेथी निवडत होत्या. मी विचारलं नाही. काही तरी मी शिकले होते.

पण एक गोष्ट बदलली. इतकी वर्षं आईने मावशीच्या शब्दाला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. मावशी म्हणेल ते बरोबर. आता त्या भांडतात. तोंडाला तोंड देऊन भांडतात. आमटीत गूळ किती घालायचा यावरून, निवडणुकीत कुणाला मत द्यायचं यावरून, आणि सगळ्यात जास्त कबड्डीवरून. बावीस वर्षं चारचौघांत जो विषय त्यांनी काढला नव्हता, तो आता संपत नाही. आई इतकी मोठ्याने बोलू शकते हे बाबांनाही माहीत नव्हतं. ते हळूच चपला घालून गॅलरीत जातात.

"त्या सामन्यात तू रेषेबाहेर गेली होतीस," आई म्हणते. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"बाहेर? पंचाला दिसलं नाही आणि तुला दिसलं?"

"धूळ उडाली होती रेषेवरची!"

"ती तुमच्या त्या जाड्या पोरीने उडवली!"

एकदा मी मध्ये पडले. म्हटलं, नियमाप्रमाणे बघायला गेलं तर, तिचा पाय रेषेला लागला असेल तर...

दोघींनी एकदमच माझ्याकडे मान वळवली.

"तू गप गं," आई म्हणाली.

"तू होतीस का तिथे?" मावशी म्हणाली.